थेंबभर तीर्थ

“भागम्मा, कुणाला काय बी न्हाई मन. दाणे न्हाईत मन, सवड न्हाई मन. पण पाण्याला न्हाई मनायचं न्हाई. ह्या घरातून कुणी कोरड्या तोंडानं गेलं, असं गंगाखेडात कुणी बोलता कामा नये.”

सरजाबाईंनी हे बजावलं तेव्हा भागम्माच्या हातातला चुडा नवा होता. सासूबाई लिंगैक्य होऊन कितीतरी श्रावण गेले, पण रांजणाचं झाकण उचललं की त्यांचा आवाज आतूनच आल्यासारखा येई. भागम्माने तो आवाज जन्मभर पाळला. दुकानात सरकी-पेंड न्यायला आलेला शेतकरी, दारावरून जाणारा पोस्टमन, भांडायला आलेली शेजारीण, सगळ्यांना आधी तांब्या आणि मग बोलणं. शेजारीण तर पाणी पिऊन कशासाठी आली तेच विसरून जाई, आणि घरी गेल्यावर आठवलं की दुसऱ्या दिवशी परत येई.

आता त्याच रांजणावर नातीने एक बाटली आणून ठेवली होती. अप्पांचं दिवसभराचं पाणी एवढंच, असं तिने सांगितलं होतं. चहा, दूध, ताक, वरणाचं पाणी, सगळं ह्याच मापातलं. बाटली संपली की दिवस संपला.

ऋतुजा म्हणजे थोरल्या शिवप्रकाशची लेक. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात हृदयरोग्यांच्या वॉर्डात ती नर्स होती. तिच्या आजोबांना, बसवंतरावांना, सगळं घर अप्पा म्हणे. दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या अप्पांना दम लागला, पाय खांबासारखे सुजले, तेव्हा त्यांना तिथंच नेलं होतं. फुफ्फुसात पाणी झालं होतं. ते उतरवून घरी सोडताना डॉक्टरांनी समजावलं की हृदयाचा पंप थकलाय; नवा तर होणार नाही, पण सांभाळला तर चालेल. पाणी पुन्हा साठलं तर पुन्हा भरती, आणि दर भरतीला तो पंप आणखी थोडा थकूनच घरी येतो. हे शेवटचं वाक्य भागम्माने पदराला गाठ मारावी तसं मनाला बांधून घेतलं होतं.

ऋतुजा रजा टाकून सोबत आली आणि तिने घराला शिस्त लावली. ताटात मीठ नाही, पापड नाही, लोणचं नाही. पाठीखाली दोन उशा. गोळ्या ठरल्या वेळी. आणि रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, तोंडात काही घालायच्या आधी, वजन. शिवप्रकाश आणि धाकटा राजेश्वर तिला प्रत्येक गोष्टीचं कारण विचारत बसले. भागम्माने एकही कारण विचारलं नाही. रोज त्याच वेळी, उपाशीपोटी, खाडा न करता, अशा गोष्टी तिला नव्या नव्हत्या. व्रताला कुणी कशासाठी म्हणून विचारतं का? तिने ते बाकीच्या व्रतांच्या रांगेत नेऊन बसवलं आणि मोकळी झाली.

अप्पांचा मात्र त्या काचेच्या काट्यावर भरवसा नव्हता. सगळा जन्म पेंड जोखण्यात गेलेला माणूस. “दुकानातला काटा आणा,” ते रोज म्हणत. “त्याच्यावर सरकारी शिक्का हाय. ह्या काचेच्या ताटलीला कोण इचारतंय?” शिक्का नसला तरी चालेल, पण रोज तोच काटा पाहिजे, असं ऋतुजा रोज सांगे. मग अप्पा त्या ताटलीवर अशा चेहऱ्याने उभे राहत, जशी गिऱ्हाइकानेच त्यांना जोखायला घेतलंय.

त्या सोमवारी सकाळी काटा पुन्हा वर सरकला. आदल्या दिवशीही सरकला होता, त्याच्या आदल्या दिवशीही. ऋतुजाने खाली बसून अप्पांच्या नडगीवर अंगठा दाबला. ओल्या कणकेत रुतावा तसा खड्डा पडला आणि भरून यायचं नाव घेईना. अप्पांनी पहाटे तिसरी उशी मागून घेतली होती. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबून ते श्वास घेत होते आणि आपण विचार करतोय असं दाखवत होते.

ऋतुजाने लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पाणी उतरवायची गोळी वाढवून दिली, पण म्हणाले की भोक बुजवल्याशिवाय नाव उपसून उपयोग नाही. फोन ठेवून ती आजीजवळ स्वयंपाकघरात आली.

“आज्जी, कुठून तरी पोटात जायलंय. मीठ, नाहीतर पाणी. आज दिवसभरात कळलं नाही ना, तर उद्या अप्पांना नांदेडला घेऊन जाते. परत भरती करावं लागेल.”

भागम्माच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी काठावर पडली.

मग घरात मिठाचा शोध सुरू झाला. थोरली सून सत्यशीला, ऋतुजाची आई, सोवळ्याची कडक. तिचा संशय धाकटी जाऊ स्वप्नावर. स्वप्नाच्या खोलीत खाऱ्या बिस्किटांचा डबा असतो हे तिने आजवर पोटात ठेवलं होतं, ते आज बाहेर काढलं. स्वप्नाने तितक्याच गोडीने विचारलं की उपवासाच्या खिचडीत शेंदेलोण कोण घालतं. शेंदेलोण म्हणजे काय मीठ हाय का, असं सत्यशीलाने म्हटलं आणि ऋतुजाने तिथंच कपाळावर हात मारून घेतला. पण त्या खिचडीचा एक घास अप्पांनी मागच्या सोमवारी खाल्ला होता, तोही तोंड वाकडं करून. तेवढ्याने पाय सुजत नसतात, हे तिने कबूल केलं, आणि शेंदेलोणाची बरणी उचलून ताब्यात घेतली.

अप्पांची लेक सुलाबाई दोन दिवसांपूर्वी बोरीहून आली होती. माहेरवाशीण म्हटल्यावर न्यायाचं काम आपोआप तिच्याकडे गेलं. सकाळच्या चहाला ती सत्यशीलाच्या बाजूने होती, कारण चहा सत्यशीलाने केला होता. मग तिने सगळ्या पातेल्यांतली आमटी चाखून पाहिली आणि जाहीर केलं की अप्पांचं सोडा, ह्या घरात निरोगी माणसाला सुद्धा सजा चालू हाय. आणि ती स्वप्नाच्या बाजूला गेली. जेवणाआधी स्वप्नाने सुलाबाईच्याच पिशवीत बोरीच्या कुरडया निघाल्याचं सांगितलं, तेव्हा ती पुन्हा सत्यशीलाजवळ येऊन बसली. पाथरीहून अप्पांचे धाकटे भाऊ पंडितकाका भेटीला आले होते. त्यांना स्वतःला मागे कधीतरी छातीत कळ आली होती, आणि ती ग्यासची निघाली तरी त्या विषयातला अधिकार त्यांनी सोडला नव्हता. ते प्रत्येकीला एकेकटं गाठून म्हणत होते की माझा संशय तुझ्यावर बिलकुल न्हाई.

ह्या सगळ्या गोंधळात भागम्माच्या मनात एक सुख होतं आणि ते कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती.

नांदेडला अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून तिने गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं होतं आणि मागणं मागितलं होतं. ह्यांना घरी आण. आणि आणतोसच तर, एकदा तरी मनापासून तुझ्यापुढं बसव. श्रावणभर स्वामींच्या मठातलं तीर्थ मी माझ्या हाताने आणून, दुसरं काही पोटात जायच्या आधी, ह्यांच्या मुखी घालीन. पहिलं मागणं कुणीही बाई मागेल. दुसरं तिचं फार जुनं होतं. लग्न झाल्यापासून अप्पांची लिंगपूजा ती बघत आली होती: तळहातावर लिंग, ओठांवर ॐ नमः शिवाय, आणि त्याच दमात राजेश्वरला पेंडीचा भाव. भस्माची बोटं कपाळाला लावता लावता ते चप्पल शोधत.

आणि आता? घरी आल्यापासून अप्पा स्वतःहून तीर्थ मागत होते. डोळे मिटून, दोन्ही हात पुढे करून. भागम्माने पहाटे मठातून आणलेलं तीर्थ ओतलं की शेवटच्या थेंबापर्यंत घेत, ओला हात डोळ्यांवरून, मग डोक्यावरून फिरवत आणि हलकेच म्हणत, “अजून थोडं घाल.” भागम्माला भरून येई. एवढा दवाखाना, एवढा जिवावरचा प्रसंग, पण महादेवाने माणूस मात्र वळवून दिला, असं तिला वाटे.

तीर्थ हे पाणी असतं असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर तिने ते कानावर घेतलं नसतं. बेल म्हणजे पाला नव्हे, भस्म म्हणजे राख नव्हे, तसं तीर्थ म्हणजे पाणी नव्हे. हे तिलाच वाटत होतं असंही नाही. घरात सगळ्यांनाच वाटत होतं.

जेवणं झाल्यावर ऋतुजाने सगळ्यांना मधल्या खोलीत बसवलं. अप्पा शेजारच्या खोलीत खाटेवर होते, दार लोटलेलं होतं. कुणावर रागवायचं नाही, कुणाला बोल लावायचा नाही, असं तिने आधीच कबूल करून घेतलं आणि विचारलं की अप्पांना स्वतःच्या हाताने कोण काय देतं.

कुणीच काही देत नव्हतं. सत्यशीलाने गुरूची शपथ घेतली की ताटाबाहेर तिळाएवढं सुद्धा नाही. स्वप्नाने मुलांची घेतली नाही, पण घ्यायची तयारी दाखवली. सुलाबाईने डोळ्याला पदर लावून विचारलं की माहेरी येऊन मी माझ्या बापाला मारायलेय का. पंडितकाका म्हणाले, “आपला तर सवालच येत न्हाई.” भागम्माला कुणी विचारलंच नाही. तिच्यावर संशय घेणं म्हणजे रांजणावर संशय घेणं.

तेवढ्यात लोटलेल्या दारापलीकडून अप्पांचा आवाज आला.

“सत्यशीला, आगं माझं दुपारचं तीर्थ ऱ्हायलं की.”

ऋतुजा वळली. “दुपारचं?”

“थेंबभर असतंय गं,” सत्यशीला म्हणाली. “महादेवाच्या देवळातलं. अभिषेकाचं. मागतेत म्हणून देते.”

“पण ताई, दुपारचं तर मी देते,” स्वप्ना म्हणाली. “सोमवारचं म्हणून सुरू केलं, मग ते रोज मागायले.”

सुलाबाईचा पदर डोळ्यावरून खाली आला. “मंग मी देते ते कोणतं? बोरीहून आणलेलं? मला तर अप्पा मनले, सुला, तुज्या हातचं तीर्थ घेतल्याबिगर डोळा लागत न्हाई.”

सगळ्यांनी पंडितकाकांकडे पाहिलं. काकांनी खिडकीकडे पाहिलं.

“मी काय, येता-जाता,” ते शेवटी म्हणाले. “पाथरीहून कॅन आणलाय. गुरुवारी भरून ठिवला होता. दादा लय भाविक झालाय, सत्यशीला. खोलीत नुसतं डोकावलं की हात पुढं करतोय. आता जोडलेल्या हाताला न्हाई कसं मनायचं?”

नर्सच्या नोकरीत ऋतुजाने पेशंटच्या उशीखाली भजी सापडलेली पाहिली होती, सलाइनच्या स्टँडला टांगलेली लोणच्याची पिशवी पाहिली होती. पण हे नवीन होतं. मग तिने शांतपणे सांगितलं की ज्याने त्याने आपापला थेंब ज्यात देतो ते भांडं घेऊन यावं.

सत्यशीलाचं चांदीचं फुलपात्र आलं. स्वप्नाचा स्टीलचा पेला आला, आणि तो दिसल्यावर सत्यशीलाने हुंकार दिला. थेंबाला एवढा पेला? सुलाबाईची वाटी आली, आमटीची. पंडितकाका कॅनचं झाकण घेऊन आले आणि ते सगळ्यांत लहान आहे हे त्यांनी दोनदा निदर्शनास आणून दिलं. ऋतुजाने विचारलं की दिवसातून किती वेळा, तेव्हा ते म्हणाले की भक्तीत मोजणी कशाला.

भागम्मा सगळ्यांच्या शेवटी उठली. देवघरात जाऊन तिने तांब्याचा पेला आणला आणि नातीच्या पुढ्यात ठेवला.

“आज्जी, तूसुद्धा?”

“माझा नवस हाय गं.”

ऋतुजाने पाण्याची कळशी घेतली आणि दिवसभरात जेवढ्या वेळा जेवढं दिलं जात होतं तेवढं प्रत्येकाकडून ओतवून घेतलं. अप्पांची बाटली होती तशीच दुसरी रिकामी बाटली मध्ये ठेवली. फुलपात्र पडलं, पेला पडला, वाटी पडली, काकांचं झाकण पडतच राहिलं. बाटली भरत चालली तसं एकेकाचं पुटपुटणं बंद झालं. काठाशी आल्यावर सुलाबाई आठवून म्हणाली की रात्रीचं राहिलं. तेही पडलं. बाटली भरून दोन थेंब फरशीवर सांडले, तेव्हा सत्यशीलाने सवयीने ते बोटाने टिपून डोळ्याला लावले आणि मग ते नुसतं नळाचं पाणी आहे हे ध्यानात येऊन पदराला पुसले.

“म्हणजे ही एक बाटली आपण देतो,” ऋतुजा म्हणाली, “आणि ही दुसरी महादेव.”

कुणी हसलं नाही. हसावंसं मात्र राजेश्वरला वाटलं, आणि तो दुकानात कुणी आलंय का बघायला गेला.

त्यानंतर जे भांडण झालं ते ह्या घराच्या शेतीच्या वाटणीलाही झालं नव्हतं. तीर्थ एकच ठेवायचं असं ठरताच ते कुणाचं ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. सुलाबाई म्हणाली की लेकीचा हक्क पहिला. दोघी जावा, ज्या सकाळपासून एकमेकींचे डबे उघडत होत्या, त्या एकदम एका बाजूला झाल्या आणि म्हणाल्या की लेक परवा बोरीला जाईल, सासऱ्यांना सांभाळायचं आम्हाला हाय. पंडितकाकांनी वारानुसार पाळ्या लावायची सूचना केली आणि गुरुवार स्वतःकडे ठेवून घेतला. शिवप्रकाशने सगळी तीर्थं एकत्र करून त्यातलं एक पळी द्यावं असं सुचवलं, तर सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं.

हे चालू असताना ऋतुजा लोटलेलं दार उघडून आत गेली. तिच्या मागोमाग भागम्मा दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून थांबली. अप्पा छताकडे बघत होते. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं.

“अप्पा, एवढं तीर्थ कशाला मागत होता? खरं सांगा.”

अप्पांनी एकदा नातीकडे पाहिलं. दाराकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“तहान लागती गं,” ते म्हणाले. श्वास घेतला. “तुमच्या त्या गोळीनं जीभ टाळूला चिकटती. पाणी मागितलं की सगळे त्या बाटलीकडं बगतेत. तीर्थ मागितलं की माज्या पाया पडतेत.”

भागम्माने चौकट सोडली. ती मधल्या खोलीत आली. सून, लेक, दीर सगळे तावातावाने बोलत होते, तिला बघून थांबले. तिचा चेहरा लेकीसुनांनी कधी असा पाहिला नव्हता. रागाचा नव्हता. जपून ठेवलेलं नवं लुगडं पहिल्यांदा नेसायला काढावं आणि त्याला कसर लागलेली निघावी, तसा होता.

“एक पळी,” ती हळूच म्हणाली. “स्वामींच्या मठातलं. बाटलीतून तेवढं पाणी आधी कमी करून मंग द्यायचं. बाकीच्यांनी आपापलं तीर्थ आपापल्या तोंडात घाला. पुण्य काय घराबाहेर जात न्हाई.”

“आज्जी, पण तुझा नवस तर पेल्याचा होता ना?” ऋतुजाने मागून विचारलं.

“नवस तीर्थाचा होता. पेला माजा मी ठरवला होता.”

पुढे दोन दिवस भागम्मा नवऱ्याशी बोलली नाही. सेवेत मात्र कसूर केली नाही. ऋतुजाने तहानेचे उपाय शिकवले होते ते सगळे तिने केले: मोठ्या पेल्याऐवजी देवापुढची लहान वाटी, मधूनमधून गार पाण्याने चूळ भरून थुंकायची, बर्फाचा खडा चघळायला द्यायचा पण तोही बाटलीतून वजा करायचा, तोंडात वेलदोडा. अप्पा चूळ भरताना पाणी गालात जरा जास्तच वेळ ठेवत आणि भागम्मा समोर तस्त धरून, एक अक्षर न बोलता, ते सगळं बाहेर येईपर्यंत उभी राहत असे. शेवटी ते मुकाट्याने थुंकत. “ह्याच्यापेक्षा बोल लाव ना,” ते एकदा म्हणाले. तिने तस्त उचललं आणि गेली.

पहिल्या सकाळी काटा होता तिथंच राहिला. दुसऱ्या सकाळी खाली आला. अप्पांनी तो आकडा डोळे बारीक करून वाचला आणि काचेची ताटली बरी दिसतीय असं मत दिलं. नडगीवर अंगठ्याचा खड्डा पडला, पण बघता बघता भरून आला. तिसरी उशी त्यांनी स्वतःच काढून टाकली. ऋतुजाने डॉक्टरांना कळवलं आणि बॅग भरली. वजन पुन्हा वर सरकायला लागलं, रात्री दम लागला, पायात सूज दिसली तर लगेच फोन करायचा, वाट बघायची नाही, हे तिने आईला सांगितलं, काकूला सांगितलं, आणि आजीला फक्त विचारलं, “आज्जी, सांगायची गरज आहे का?” भागम्मा नाही म्हणाली. नांदेडच्या गाडीला सोडायला सगळं घर गेलं. सुलाबाईसुद्धा, तिला बोरीकडची जीप धरायची होती. पंडितकाका आपला रिकामा कॅन घेऊन आदल्या दिवशीच गेले होते.

घरात दोघंच राहिली.

भागम्माने खाटेजवळ खुर्ची ओढली आणि बसली. बाहेर दुकानाच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या.

“मला पाप लागतंय का गं?” अप्पांनी विचारलं.

“कशाचं?”

“तीर्थाचं. खोटं खोटं हात जोडले त्याचं.”

भागम्माने विचार केला. ती पटकन उत्तर द्यायची नाही, देवाच्या बाबतीत तर नाहीच.

“खोटे होते का?”

“आता काय सांगू.” ते थांबले, ह्या वेळी दम लागून नाही. “जन्मभर पूजा केली ती घाईत केली. हे आठ दिवस तू पेला घेऊन येताना दिसलीस ना, की आपसूक हात जोडले जायचे. डोळे मिटायचे. तहानंनं का हुईना, पर मनापासून.”

भागम्मा पदराच्या काठाशी खेळत राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“लोकं देवाकडं पोरासाठी जातेत, पिकासाठी जातेत,” ती म्हणाली. “तुमी घोटभर पाण्यासाठी गेले. महादेवाला काय, तो गंगा डोक्यावर घेऊनच बसलाय. त्यानं मनात धरलं नसंल.”

अप्पा हसले आणि हसता हसता खोकले. तिने उठून पाठीवरून हात फिरवला, जसा ऋतुजाने दाखवला होता त्याहून जरा जास्त वेळ.

“आन् तू?” त्यांनी विचारलं.

“मी धरलं होतं,” ती म्हणाली. “आता सोडलं.”

मग अप्पांनी ते सांगितलं जे त्यांनी नातीला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना तर नाहीच. तीर्थ गेलं तर गेलं. वेलदोडा चालतो, बर्फही चालतो. पण ह्या खाटेवर पडून त्यांना सगळं ऐकू येतं. रांजणाचं झाकण. तांब्या बुडाल्याचा बुडबुड आवाज. जेवण झालं की एकेक जण मान वर करून घटाघटा पितं, आणि शिवप्रकाश तर पिऊन झाल्यावर हाऽऽ करतो. “त्या टायमाला मला वाटतंय, ती बाटली घेऊन एका दमात रिकामी करावी. मंग नांदेडला न्हेतेत तर न्हेऊ द्या. लय वंगाळ इचार येतेत, भागम्मा. एखाद्या दिवशी करून बसेन मी.”

हे मात्र चेष्टेने बोललेलं नव्हतं. सूज उतरलेल्या त्यांच्या पायांकडे भागम्माने पाहिलं.

“तुमच्या कानावर पाणी पडणार न्हाई,” ती म्हणाली. “माझा शब्द हाय.”

स्टेशनवरून मंडळी परतली. उशीर झाला होता म्हणून सत्यशीलाने भराभर ताटं मांडली. जेवताना भागम्माने दोघा मुलांना आणि दोघी सुनांना हळू आवाजात सांगितलं की आजपासून पाणी प्यायचं ते अप्पांच्या कानाआड. कुणी विरोध केला नाही. शिवप्रकाशच तेवढा म्हणाला की हाऽऽ मी मुद्दाम करत न्हाई, ते आपोआप येतंय. जेवण झालं आणि मग एक गंमतच झाली. पंगतीत कुणीच पाण्याला हात लावेना. सगळे एकमेकांकडे बघत, तोंडात शेवटचा घास घोळवत बसले. स्वप्नाला उचकी लागली आणि ती तोंडावर पदर दाबून उठली.

भागम्माने आपला तांब्या उचलला. भाकरीचा कोरडा तुकडा घशात अडकला होता, तरी तिने तो तसाच राहू दिला. रांजणाच्या झाकणाखाली तळहात घालून ते असं उचललं की कडेला कड लागली नाही, आणि तांब्या तिरका धरून, लेकराला झोपेत पाळण्यात ठेवावं तसा पाण्यात उतरवला. बुडबुडा आला नाही. भरलेला तांब्या पदराआड घेतला. उंबऱ्यावर वाजतील म्हणून चपला हातात घेतल्या. अप्पांच्या खोलीवरून जाताना तिने एकदा आत डोकावलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, गालात वेलदोडा होता. मग ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि अनवाणीच, परस ओलांडून, पेंडीच्या गोदामाच्या पलीकडच्या भिंतीकडे चालू लागली.